जो सही करतो, तो चढतो

आणि वर मलाच विचारतात, "साहेब, तुम्ही मीटिंगमध्ये बोललात कशाला?" म्हणजे काय, बोललात कशाला? त्यांनीच विचारलं होतं ना... मोठ्या साहेबांनी, सगळ्यांसमोर, चष्मा कपाळावर चढवून, "कुणाला काही बोलायचंय का?" आता मला सांगा, असं विचारल्यावर ज्याला बोलायचंय तो काय करेल? बोलेल. मी बोललो. एकोणीस वर्षं नोकरी केल्यावर मला कळलं की तो प्रश्न नसतोच, ती मीटिंग सुटल्याची घंटा असते, ती ऐकून वह्या मिटायच्या, खुर्च्या मागे सरकवायच्या आणि जेवायला जायचं. खुर्च्या सरकल्यासुद्धा होत्या हो, आणि त्या खरखराटात मी एकटा उभा राहून म्हणतोय, "हो, मला बोलायचंय." राजकारण आपल्याला जमत नाही, तुम्हाला सांगतो.

मी शिड्यांच्या कारखान्यात आहे. हसू नका, शिड्यासुद्धा कुठेतरी बनवाव्या लागतात, त्या काही आभाळातून पडत नाहीत. पडतात ती माणसं, आणि ती पडू नयेत म्हणून आमचं तपासणी खातं. सोळा वर्षं मी तिथे नोंदी ठेवल्या, कुठली शिडी किती वजनाला वाकली, कुठली करकरली... आणि या मीटिंगच्या तीन महिने आधी जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि मला मॅनेजर केलं. मला वाटलं, माझं काम बघून केलं. घरी गेलो, छाती काढून सांगितलं. बायको म्हणाली, "दोन गटांचं दोन नावांवर जमलं नसेल, म्हणून तुम्ही." आता तिने आमच्या कारखान्याचं फाटकही बघितलेलं नाही, पण ती हॉस्पिटलात हेड नर्स आहे, चोवीस वर्षं डॉक्टरांना एकमेकांपासून वाचवतेय, तिला लांबूनच वास येतो. आणि खरं तेच होतं, हे मला कुणी सांगितलं माहितीय? मोठ्या साहेबांच्या ड्रायव्हरने.

आमच्याकडे एक जुना रिवाज आहे. जो सही करतो, तो चढतो. लॉट तपासून झाला की शेवटच्या शिडीवर मॅनेजरने स्वतः अगदी वरपर्यंत जायचं, वरच्या पायरीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी शिक्का मारायचा, खाली यायचं आणि मग कागदावर सही. फार सुंदर रिवाज आहे. फक्त मला उंचीची भीती वाटते. घरी माळ्यावरची सूटकेस बायको काढते आणि मी खाली उभा राहून "सांभाळून" म्हणतो. तीन महिने मी दोन पायऱ्यांच्या स्टुलांवर निभावलं... आणि मग आला एकशेवीस शिड्यांचा लॉट, शाळांच्या वाचनालयांसाठी, नऊ पायऱ्यांच्या. म्हणजे वर चढणार कोण? पुस्तक काढायला मुलं, फार तर ग्रंथपाल बाई.

या शिड्या तपासल्या काकांनी. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने तपासनीस, तीस वर्षं दिवसभर चढणं-उतरणं, निवृत्तीला सात महिने राहिलेले. त्यांची पद्धत अशी की वर जायचं, वजन या पायावरून त्या पायावर टाकायचं, खाली यायचं, शिडीला एक हात लावायचा आणि दुसरा स्वतःच्या कानाला. का, ते कुणाला माहीत नाही. पण काका "हलते" म्हणाले की ती हलते. अकरावी शिडी झाली आणि काका म्हणाले, "हलते." बारावी, हलते. तेरावीला त्यांनी लाल पट्टी लावून लॉटच थांबवला.

तर हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. चांगला कागद वाचून, शिड्यांच्या नंबरासकट. आणि समोर बसलेला प्रॉडक्शनचा मॅनेजर... त्याला आम्ही वाघ म्हणतो, आम्ही दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागलो... तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही, पेनाचं टोपण लावत म्हणतो, "शिडी हलत नाही. म्हातारा हलतो."

झालं. हशा. मोठे साहेबसुद्धा मिशीत हसले. शेजारी विक्रीचा मॅनेजर, त्याचं टोपणनाव 'झालंच समजा', कारण गिऱ्हाईकाने चंद्रावर टेकवायला शिडी मागितली तरी तो म्हणणार, "झालंच समजा..." तो लगेच पुढे झुकून, "साहेब, काकांचं वय झालंय, त्यांना पॅकिंगला बसवू, आरामात खोकी बांधतील, आणि लॉट पाठवू." मोठे साहेब म्हणाले, "गुरुवारी ठरवू." आणि मी कागद हातात धरून उभा. नंबर सगळे बरोबर होते हो.

मी खात्यात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आमच्याकडे बातमीला पाय आहेत, आणि ते हलत नाहीत. काका कापडाने हात पुसत होते. म्हणाले, "साहेब, एक विचारू? मी हलतो का?" मी म्हटलं, "नाही हो काका, काहीतरीच." पण ते मान हलवून गेले. आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सहज डोकावलो, तर खात्यात कुणी नाही, काका एका पास झालेल्या शिडीवर, सगळ्यात वर, एका पायावर उभे, आणि हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप. सांडतो का ते बघत होते. मी तसाच मागे फिरलो. तुम्हाला सांगतो, नोकरीत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी घरी तक्रार सुरू केली. बायको डबे धुत होती. म्हणाली, "अहो, मीटिंगमध्ये कधी काही ठरतं का? मीटिंगमध्ये फक्त ऐकवतात. ठरतं आधी, जिन्यात, नळापाशी, गाडीत. तुम्ही वाघाशी आधी बोललात?" मी म्हटलं, "कशाला? मी सरळ माणूस आहे." ती म्हणाली, "सरळ तर भिंतही असते. तिच्याशी कुणी बोलायला जातं का? चार लोकांत त्याची चूक काढलीत, आता तो मरेपर्यंत बरोबर असणार. त्याला निघायला दार कुठे ठेवलंत?" मी म्हटलं, "अगं, हे राजकारण झालं." त्यावर तिने नळ बंद केला. ती नळ बंद करते तेव्हा आपण ऐकायचं असतं. म्हणाली, "एकच बघा. ज्याला जे सांगाल, ते तिसऱ्या माणसासमोर पुन्हा सांगता आलं पाहिजे. सांगता येत असेल तर ते शहाणपण. नसेल तर ते तुमचं राजकारण. आता ते मोठं पातेलं द्या इकडे."

दुसऱ्या दिवसापासून मी राजकारण सुरू केलं. म्हणजे शहाणपण. सुरुवात हात धुवायच्या नळापाशी. झालंच समजा साबण लावत होता, मी सहज... सहज म्हणजे काय, वीस मिनिटं त्या नळाशी उभा होतो, माझ्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या... सहज विचारलं, "काय, घाईत का?" एवढंच! माणूस धरण फुटल्यासारखा बोलायला लागला. तारीख त्याने गिऱ्हाईकाला कुणालाच न विचारता दिलेली, मग वाघाच्या गळ्यात मारलेली, आणि पायऱ्या जोडायचे योग्य लांबीचे रिव्हेट वेळेवर आले नाहीत तेव्हा वाघाने... इथे त्याने साबण धुतला आणि तोंड मिटलं. मी म्हटलं, "बरं, ती वाचनालयं तारखेवर अडून बसलीत का?" म्हणाला, "विचारलं नाही बुवा." मी म्हटलं, "विचार ना." त्याने उभ्या उभ्या, ओल्या हाताने फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "अहो, अजून आमची कपाटंच आली नाहीत, शिड्या ठेवू कुठे?" एक फोन हो! एवढा सगळा तमाशा, आणि एक फोन कुणी केला नव्हता.

मग वाघ. वाघ जेवायला एकटाच बसतो, शेडच्या मागे, उलट्या खोक्यावर, हे मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हतं. मी दुसरं खोकं ओढलं. शिड्यांचं नावच काढलं नाही. म्हटलं, "तुला पहिल्यांदा वर कुणी चढवलं रे?" तो बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "काकांनी. खाली शिडी धरून उभे होते. मी पडलो तर झेलणार होते म्हणे." मग हातातला घास परत डब्यात ठेवला. "रिव्हेट आखूड आहेत," तो म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण शब्द दिलेला होता वर." आणि मग डबा बंद करत, अगदी हळू, "तू एक कर. सही करून टाक. काकांना तुझ्या खात्यातून कुणी हलवणार नाही, ते मी बघतो."

आता खरं सांगतो, कारण तुमच्यापासून काय लपवायचं. मला ते आवडलं. दीड दिवस आवडलं. काका राहतात, वाघ खूश, मोठे साहेब खूश, आणि शिडी काय, थोडीशी हलेल, काय बिघडलं... जेवताना बायकोने विचारलं, "गप्प का?" मी सांगायला तोंड उघडलं, आणि सांगता येईना. तिला नाही आणि काकांना तर त्याहून नाही. काय सांगणार, काका, तुमची खुर्ची वाचवली, फक्त तुम्ही हलता असं लिहून द्यायचंय? आणि वर ती एखादी चिमुरडी, नवव्या पायरीवर, हातात पुस्तक... तिला कोण सांगणार?

सकाळी वाघाला गाठलं. म्हटलं, "सही नाही करत. जे काकांना सांगता येणार नाही ते मला करता येणार नाही. पण ऐक, ही चूक सगळ्यांच्या आधी कुणाला कळली? तुला. काकांच्याही आधी. मग तूच सांग ना मीटिंगमध्ये." त्याने पेनाचं टोपण काढून परत लावलं. "खोटं नाहीये रे," मी म्हटलं, "शब्दन् शब्द खरा आहे. गिऱ्हाईकाला घाई नाही, ते मी विचारून घेतलंय. आणि मोठ्या साहेबांनाही सांगून आलोय की रिव्हेटबद्दल तू काहीतरी बोलणार आहेस, आणि शांतपणे ऐकून घ्या." तो म्हणाला, "मी हो म्हणायच्या आधीच सांगितलंस?" मी म्हटलं, "हो, आणि हेही तुला सांगतोच आहे ना." राजकारण आपल्याला जमत नाही, तुम्हाला सांगतो, पण त्या दिवशी स्वतःलाच जरा टाळी द्यावीशी वाटली.

गुरुवार. वाघ उभा राहिला. "साहेब, या लॉटचे रिव्हेट आखूड आहेत. मला सुरुवातीलाच शंका आली होती. सगळे बदलतो, दोन आठवडे लागतील." आणि मग, हे मात्र मी सांगितलेलं नव्हतं, माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका बरोबर होते. मागच्या वेळी मी जे बोललो ते बोलायला नको होतं." मोठे साहेब उठून उभे! "याला म्हणतात जबाबदारी," म्हणाले. टाळ्या. झालंच समजाने तर माझ्या पाठीवर थाप मारली, "शिका, शिका काहीतरी." मी पण टाळ्या वाजवल्या. मोठे साहेब म्हणाले, "कुणाला काही बोलायचंय का?" मी वही मिटली.

पुढच्याच महिन्यात वाघाला बढती. दोन्ही खात्यांवर तोच, म्हणजे आता माझाही साहेब. माझा पहिला वार्षिक शेरा त्यानेच लिहिला, मान खाली घालून माझ्या हातात दिला. "प्रामाणिक आहेत. पुढाकार घेण्याची सवय लावून घ्यावी." बायकोला वाचून दाखवला. ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "काका कुठे आहेत?" मी म्हटलं, "खात्यात. शिडीवर." म्हणाली, "मग झालं तर." आणि माझ्या ताटात स्वतःच्या ताटातलं वाढलं. ती असं वर्षातून एकदा करते.

आणि मग, दोन आठवड्यांचे दोन महिने करून, तो लॉट दुरुस्त होऊन आला. काकांनी एकशेएकोणीस शिड्या तपासल्या, हात शिडीला, हात कानाला, एकही नाही हलली. शेवटची राहिली. जो सही करतो, तो चढतो. सगळं खातं काम सोडून गोळा झालं, वाघसुद्धा, साहेब झाल्यामुळे हात मागे बांधून. काका खाली शिडी धरून उभे. "या," म्हणाले. पहिली पायरी, दुसरी... इथवर आपला अनुभव आहे. तिसरी, चौथी. पाचवीला मी देवाचं नाव घेतलं. सहावीला शिडी थरथरायला लागली. थरथरायला म्हणजे चांगलीच! मी वरून ओरडलो, "काका, हलते! अजून हलते! लॉट थांबवा!"

काकांनी सावकाश एक हात शिडीला लावला, दुसरा कानाला. नीट ऐकलं. आणि रजिस्टरवाल्या मुलीकडे वळून म्हणाले, "लिहून घे. शिडी हलत नाही. साहेब हलतात."

वाघ सगळ्यात जोरात हसला. काकांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं, वरून. मग काय करणार, गेलो वर, डोळे मिटून शिक्का मारला, तो उलटा बसला, आणि कुणाला दिसणार नाही अशा जागी तो आजही उलटाच आहे. खाली यायला मात्र पाऊण तास लागला. काकांनी शिडी धरली होती आणि वाघ माझे पाय धरून एकेक पायरीवर ठेवत होता, "हा डावा, आता उजवा, घाबरू नकोस, पडलास तर झेलतो."

राजकारण एकवेळ जमेल हो, तुम्हाला सांगतो. उतरणं जमत नाही.