खंड्याच्या गळ्यातली दोरी

...नाही, तुम्हीच सांगा, मी काही वाईट करायला गेले होते का? बडोद्याला शिकत होते तेव्हा वाटायचं, वडगावला परत जायचं, पहाटे कॅनव्हासचे बूट घालून धावायला निघायचं, आणि आपल्याला बघून अख्खी गल्ली सुधारणार! धावणारे उजवीकडून, चालणारे डावीकडून, कुत्री दोरीला... आणि आले तर काय? चालणारे मधून, सायकली दोन्हीकडून, आणि आमच्या आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कुत्रा खंड्या मोकाट! म्हटलं, आप्पा, असं चालायचं नाही, रस्ता सगळ्यांचा असतो! तर आप्पा मिशरी लावत म्हणतात कसे, "व्हय की. म्हणून तर त्यो बी फिरतोय."

तरी मी दोरी आणलीच. बांधली. खंड्यानं असं बघितलं, जणू मीच त्याला चावले!

आता तुम्हाला सांगते, आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग. पहाटे रस्त्याच्या मधोमध ताणा पसरतात. ताणा म्हणजे साडीचं उभं सूत हो, दोन टोकांच्या खुंटांना ताणून बांधायचं, खळ लावायची, कुंच्यानं सारखं करत वाळवायचं. तेवढा वेळ सायकलवाला उतरून चालतो, गवळी म्हशी भिंतीकडेनं घेतो. कुणी कुणाला सांगत नाही. मला दिसत नव्हतं? दिसत होतं! पण मी म्हणायची, अडथळा! समोरच्या गंगव्वा आक्काला तोंडावर म्हटलं, "आक्का, रस्ता सगळ्यांचा असतो." ती हसली. "असतोय की गं बाय. जरा दमानं जा म्हंजे झालं."

दमानं! मी! धावणारी!

मग एके दिवशी... मी नियमानं उजवीकडून. खंड्या जन्मापासून जातो तसा डावीकडून, भिंतीला अंग घासत. आमच्या दोघांच्या मध्ये दोरी, आणि दोरीच्या मध्ये? गंगव्वा आक्काचा खुंट! खंड्या शहाणा, जागच्या जागी बसला. मी थांबले नाही हो! खुंट उपटला, अख्खा ताणा खाली, आणि त्यात तोंडावर मी. ओलं सूत शेवयांसारखं गळ्यात!

ओरडायचं तरी! तर आक्का विचारते, "लागलं न्हाय न्हवं गं?" मला! सत्याप्पा मामा, आक्काचे यजमान, कुंचा टाकून सुताचं टोक शोधायला लागले. उभा जन्म दुसऱ्यांच्या साड्या विणल्या त्यांनी, ही तेवढी घरची होती. लेक लग्नानंतर पहिल्यांदाच गावदेवी मंगाईच्या जत्रेला येणार होती, तिच्यासाठी. आणि खळ वाळायच्या आत गुंता सुटला नाही तर सूत चुलीत घालायचं!

सगळी गल्ली येऊन बसली सोडवायला. मी हात घातला तर शेजारची तानीबाई ओरडली, "तू नगं! तू हितं बस. चा पी." चहा! मला चहा! खंड्याला बिस्कीट मिळालं, त्यानं मजेत खाल्लं. त्याचा काय दोष?

निम्मं सूत वाचलं. निम्मं गेलं. आक्का म्हणाली, "चोळीपुरतं निघंल बघ. साडी फुडल्या जत्रेला. मंगाई काय पळून चाललीया?"

पळून! त्यापेक्षा एक थोबाडीत द्यायची!

दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घातले आणि उंबऱ्यावरच बसले. समोर उरलेला ताणा. पाऊल उचलेना. खंड्या उठला, भिंतीकडेनं निघाला, ताणा संपेपर्यंत गेला, आणि मागं वळून माझ्याकडं बघत उभा राहिला. तेव्हा ठरवलं. दोरी सत्याप्पा मामांना दिली खुंट आवळायला, आणि खंड्याच्या मागून चालू लागले. तो थांबला की मी थांबते, तो कडेला झाला की मी कडेला. आता गल्लीत म्हणतात, "आप्पांचं कुत्रं रोज पोरगीला फिरवून आणतंय."

आणतंय तर आणतंय... रस्ता सगळ्यांचा असतो!