बोटीवरचा वाळा

भाऊ, कूलरला आज नवा वाळा लावला वाटतं? या वासानं मला दुबईतली बोट आठवली.

शिडाची छोटीशी बोट, एका शेठची. शेठ मूळचा सुरतेचा, पण कित्येक वर्षांत गावी फिरकला नव्हता. मी बोटीवरचा जनरेटर सांभाळायचो. केबिनमधला एसी त्याच्यावरच चालायचा.

निघताना आईनं माझ्या पेटीत वाळ्याची जुडी कोंबली होती. म्हणाली, "तठे बठ्ठं शे, पण हाई नही." म्हणजे, तिकडे सगळं आहे, पण हे नाही. मे महिना लागला आणि मला गावाची, नशिराबादची फार याद यायला लागली. एक दिवस ती जुडी भिजवली आणि एसीच्या तोंडाला बांधली. पाणी वायरीत उतरलं, जनरेटर आचके देत बंद पडला.

शेठ घामानं निथळत ओरडला, "ये घास क्यूं बांधा? इससे और ठंडा होता है क्या?"

"नही शेठ, ठंडा तो एसी करता है. इससे घर का वास आता है."

मी वायर सुकवली, वाळा कोपऱ्यात टाकला आणि खोलीवर गेलो.

सकाळी येऊन बघतो तर जनरेटर सुरू, एसीसमोर वाळा बांधलेला, ओलाचिंब. आणि खाली पाणी झेलायला शेठनं बादली ठेवलेली.