शेवटच्या फेरीत पप्पा

रसिका : हसू नका, पप्पा. भिंतीवर यादी लागलीय. शेवटची फेरी, पहिला पट, रसिका विरुद्ध तानाजी.

तानाजी : अख्ख्या ठाणे जिल्ह्याच्या बुद्धिबळात यांना आपण बापलेकच सापडलो? डोंबिवलीत घरीच खेळलो असतो, मधेमधे चहा तरी मिळाला असता.

रसिका : मला अर्धा पॉइंट पुरतो. ड्रॉ झाला तरी मी जिल्ह्याच्या टीममध्ये.

तानाजी : मग झालं की! घरातल्या घरात मिटलं.

रसिका : तेच नकोय. माझी शपथ घ्या. मुद्दाम सोडायचं नाही.

तानाजी : अगं, तू नऊ वर्षांची झाल्यापासून मी मुद्दाम हरलेलोच नाही.

रसिका : आणि त्याआधी?

तानाजी : त्याआधी तू रडायचीस.

रसिका : शपथ घ्या.

तानाजी : घेतली बाई. तुला कसली भीती? माझं प्यादं पहिल्या चालीला एकच घर सरकणार, तुला पाठ आहे. आमच्याकडे देशी नियम. प्याद्यानं दोन घरं उडी मारली की आजा पट उधळायचा.

रसिका : आणि ते एक घर बघून सर क्लासमध्ये सांगतात, हिचे वडील फ्रेंच डिफेन्स खेळतात!

तानाजी : फ्रेंच कसलं? ते आमचं चिपळूणचं.

(तीन तासांनी, हॉलबाहेरच्या जिन्यावर.)

तानाजी : आधी पाणी पी.

रसिका : नको. दोन घरं, पप्पा? पहिल्याच चालीला? कधी शिकलात?

तानाजी : तुझ्याच वहीतून. तू क्लासला गेलीस की वाचायचो. स्पर्धा संपली की घरी तुला चकित करणार होतो. एक घर म्हणालो तेव्हा तेच खेळणार होतो, पण पटावर बसल्यावर तुझी शपथ आठवली, मग येतंय ते लपवू कसं?

रसिका : माझी सगळी तयारी एका घराची होती.

तानाजी : पण मी ड्रॉ विचारलेला ना? नाही का म्हणालीस? घोडा गेलेला तुझा.

रसिका : म्हणूनच. जिंकत असताना कोण ड्रॉ देतं? शपथ मोडत होतात तुम्ही.

तानाजी : बाप आहे गं मी. तुझी जागा माझ्या हातानं गेली.

रसिका : गेली. रडू येतंय, येऊ दे. पण तो अर्धा पॉइंट घेऊन टीममध्ये बसले असते ना, तर रोज टोचला असता.

तानाजी : आईचा तिसऱ्यांदा फोन येतोय. काय सांगू तिला?

रसिका : सांगा, मी जिंकलो म्हणून. आणि पप्पा, जरा खुशीत सांगा.