पिवळ्या पट्टीचा म्हातारा

अहो ताई, हात नका लावू पट्टीला! लांबून बघा, लांबून! दर रविवारी हेच... मंडळी नदीकाठच्या सहलीला येतात, डोक्याला टोपी, गळ्यात पाण्याची बाटली, आणि बोटं सरळ पट्टीवर! थांबलाच आहात तर टेका जरा त्या दगडावर. त्यावर नको हो, त्याला पट्टी आहे! शेजारच्यावर. हां. आता ऐका.

एक होता कुलूपवाला आणि एक होती त्याची बायको. ही वाट जिथे संपते तिथे त्यांचं घर. घरात मुलगा, सून आणि इतकी कुलपं, की चोर आत शिरला असता, पण बाहेर पडताना तोच ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडला असता! बायको बिचारी स्वभावाने गाय. लोक म्हणतात हं, मी नाही म्हणत. आणि म्हातारा? किल्ली हरवलेलं कुलूप! एकदा बसलं की बसलं. जन्मभर एकच पालुपद, नियम म्हणजे नियम! पाहुणा चप्पल उलटी काढून गेला, तर बोलावून सरळ ठेवायला लावायचा. घराला आग लागली असती तरी आधी पाय पुसून आत आला असता, तुम्हाला सांगते!

दुकान मुलाच्या हाती दिलं आणि म्हातारा मोकळा झाला. मोकळा म्हातारा म्हणजे घराला ताप. सून म्हणाली, “बाबा, नदीवर फिरून या ना जरा.” तो फिरायला गेला आणि अध्यक्ष होऊन परत आला! ‘नदीवाट जतन मंडळ’. सभासद कोण, तर दातांचे एक डॉक्टर, भूगोलाच्या एक बाई आणि जे जे घरात कोणाला नको होते ते सगळे. त्यांनी काय करावं? वाटेवर जे जे जुनं, जे जे हलत नाही, त्याला पिवळी पट्टी बांधायची. झाड, दगड, मोडका बाक, सगळ्याला. म्हाताऱ्याने नियम केले. पट्टी लागलेली वस्तू हलवायची नाही. रस्ता आला तर रस्त्याने वळायचं. पट्टी कापेल त्याला वाटेवर कायमची बंदी. पट्टी काढायची तर मंडळाच्या कार्यालयात सभा, आणि सभेला अध्यक्ष हवाच. हे सगळं त्याने रस्तेवाल्या ऑफिसात रोज जाऊन, तिथल्या साहेबाला इतकं पिडून मंजूर करून घेतलं, की साहेबाने न वाचताच शिक्का मारला, आणि पट्ट्यांवर मारायला तो शिक्काच देऊन टाकला. म्हणाला, “आजोबा, उद्यापासून येऊ नका, एवढंच!”

आणि त्याच ऑफिसातला माणूस पुढच्याच महिन्यात घराच्या भिंतीवर तांबडी फुली मारून गेला! का? तर रस्ता येतोय. कुठून? घरातून! पुढच्या दाराने शिरणार, चुलीवरून जाणार, मोरीतून बाहेर पडणार. सोमवारी दुपारी घरमालकाने स्वतः ऑफिसात येऊन हरकत सांगायची. नाही आला, तर हरकत नाही असं धरणार. बायकोने त्याचा चांगला सदरा इस्त्री करून खुंटीला लावला, रडत रडत लावला हो... त्याच घरात ती नवी नवरी म्हणून आली होती.

आणि आदल्या दिवशी, रविवारी, मंडळाची सहल! म्हातारा या वळणावर स्टूल टाकून बसला. “कोणी हलू नका, खंड्या पक्षी येणार आहे.” खंड्या आलाच नाही, पण एक बगळा आला आणि म्हाताऱ्याच्या टोपीवर बसला. म्हाताऱ्याला इतका आनंद झाला, की त्याने श्वास रोखला, आणि रोखता रोखता त्याला झोप लागली. अंगावर मातकट शाल, डोक्यावर बगळा... मागून आल्या भूगोलाच्या बाई, चष्मा घरी. हाताने चाचपलं, म्हणाल्या, “अगं बाई, केवढं जुनं खोड!” आणि बांधली की पट्टी मनगटाला! वर शिक्का!

म्हातारा जागा झाला. आता कोणीही काय केलं असतं? तो म्हणतो, “बाई, गाठ नियमाप्रमाणे मारलीत?” बाई चाचरत म्हणाल्या, “मारली हो, अध्यक्ष.” “मग संपलं. मला हलता येणार नाही.”

संपलं! बायको कात्री घेऊन धावली. “अहो, उद्या घर जाईल!” “अगं, कापशील तर तुला वाटेवर बंदी, आणि आपलं घर वाटेवरच आहे. जाशील कुठून?” डॉक्टर म्हणाले, “अध्यक्ष, सभा घेऊ आणि काढू.” “सभा कार्यालयात. मला तिकडे येता येत नाही.” “स्टुलासकट उचलतो!” “उचलणं म्हणजेच हलवणं! नियम म्हणजे नियम!”

मग त्या शहाण्यांनी काय करावं? कार्यालय म्हणजे पत्र्याची खोलीच ती. तिचे खिळे काढले, आत शिरून सगळ्यांनी उचलली आणि निघाले नदीकाठाने! बाहेरून नुसते पाय दिसतायत आणि कार्यालय चाललंय! आतून डॉक्टरांचा आवाज, “डावीकडे... डावीकडे... बाई, तुमची डावी!” आणून ठेवली म्हाताऱ्याच्या डोक्यावर. सभा भरली. सगळ्यांचे हात वर. म्हातारा म्हणतो, “थांबा. पट्टी लागलेल्या वस्तूला अध्यक्ष होता येत नाही. सभा बरखास्त!”

सोमवार गेला. सदरा खुंटीलाच. त्या बायकोने त्याच्याशी बोलणं टाकलं. डबा मात्र पाठवला. गायच ती!

मग आलं ते यंत्र! एवढा मोठा जबडा त्याचा, आणि पुढे इंजिनियर. घराकडे जायला वाट ही एकच, आणि वळणावर पत्र्याची खोली, आत स्टुलावर म्हातारा. “आजोबा, सरका.” “सरकता येत नाही.” “का?” म्हाताऱ्याने हात वर केला. इंजिनियरने शिक्का बघितला, त्याच्याच ऑफिसचा! त्याने साहेबाला फोन लावला. “साहेब, पट्टी आहे... झाडाला नाही साहेब... दगडाला पण नाही... म्हाताऱ्याला... जिवंत आहे हो, मलाच दम देतोय... हो साहेब, तेच आजोबा!” तिकडून साहेब किंचाळला ते इथल्या बगळ्यांनी ऐकलं. “वळव! रस्ता वळव! त्याला माझ्याकडे पाठवू नकोस फक्त!”

आणि वळला ना रस्ता! तो बघा पलीकडून गेलाय. भिंतीवरची फुली मुलाने चुन्याने पुसली. तेव्हा मात्र बायको बोलली. काय बोलली ते राहू द्या, सहलीत लहान मुलं आहेत.

घर वाचलं, भाग्य उघडलं... पण रस्तेवाले अधूनमधून बघायला येतात, पट्टी जागेवर आहे ना? नसली, तर रस्ता परत सरळ! मग एके दिवशी म्हाताऱ्याला गरम पाण्याच्या आंघोळीची आठवण झाली, आणि डोकं चाललं. म्हणतो, “पट्टी कापायची नाही, सोडायची नाही. पण या हातावरून त्या हातावर सरकवली तर? सरकवायची नाही, असं नियमात कुठे आहे?” सोमवारी सुचलं नाही हे, बरं का! बायकोने भोळेपणाने हात पुढे केला.

कुठे आहे ती बायको? अहो, ही काय, तुमच्यासमोर स्टुलावर! आंघोळीला म्हणून गेलाय तो, त्याला आता तिसरा रविवार. घरात पाय पसरून बसलाय. सून निरोप पाठवते, “आई, घराची काळजी करू नका हं, सावकाश या.” काल डबा घेऊन आला होता. म्हटलं, “अहो, घ्या ना आता तुमची पट्टी.” तर लांब उभा राहिला, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, “अगं, सरकवायची तर पट्टीला हात लावावा लागेल... आणि हात लावायचा नाही, असा परवाच नियम केलाय.”

नियम म्हणजे नियम. निघा आता तुम्ही, तुम्हाला हलता येतंय तोवर.