केसभर शिरतो आणि अडतो

"हॅलो?… हो, बोल. नाही, थांब, आधी माझं ऐक. बोल्टाचं टोक भोकात बसतं, केसभर शिरतं आणि अडतं. केसभरच."

बाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबला होता. एका हातात पाना, दुसऱ्यात बोल्ट. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून झाल्यावर घेतलेली सूर्य पाहायची दुर्बीण गच्चीत सतरंजीवर आडवी पडली होती आणि तिला पेलून सूर्यामागे फिरवणारा माउंट शेजारी रिकामा उभा होता. पलीकडे लेक होती.

"…आटे गं, आटे!… पीठ कुठलं? बोल्टावरचे आटे! ते बसत नाहीत म्हणून तर हा आटापिटा.

"…चार दुकानं झाली. पहिल्याने सहा एमएम दिला. दुसरा म्हणाला, दोन सुती न्या, पाव इंची. तोही अडला. तिसरा मलाच म्हणतो, भोक तपासा! म्हटलं, जन्मभर पेपर तपासले, आता भोकं तपासू?… भांडले नाही गं. मोठ्याने समजावलं. चौथ्याने मला बघून शटरच ओढलं.

"…डोळ्यांचा इथे काय संबंध?… हो, हो… अगं ऐक ना, मोतीबिंदू आधी पिकावा लागतो… माहितीये तसं काही नसतं! लोक म्हणतात… आणि तो डॉक्टर किती पोरसवदा! मिसरूडसुद्धा फुटलेलं नाही… काय? दाढी?… कधीपासून?… पहिल्यापासून?

"…विषय बदलू नकोस. आज सूर्यावर मोठा डाग आहे. अख्खी पृथ्वी मावेल त्यात. दोन-चार दिवसांत फिरून पलीकडे जाईल. फळ्यावर खडूचा सूर्य काढून हयात गेली, एकदा खरा तर बघू दे.

"…फोटो? बरं, काढते… मिळाला?… काळं दिसणारच, माउंटच काळा आहे… भोकात? गोल?… रबराचं?"

बाईंनी बोटाने चाचपलं. काठाशी बारीक फट लागली. नख घालून उचकटलं, तसं टप्प करून काहीतरी सतरंजीवर पडलं. कुठे पडलं, ते मात्र त्यांना दिसलं नाही.

"…आहे, आहे. बूच होतं… हस, पोट धरून हस… बरं, तिसऱ्याची माफी मागते. शटरवाल्याची नाही.

"…थांब, फोन ठेवू नकोस. पहिलाच लावून बघते, सहा एमएमचा… गेला! सरसर गेला बयो!"

बाईंनी फोन कठड्यावर ठेवला. दुर्बीण बसवली, बोल्ट आवळला, सूर्याकडे रोखली आणि डोळा लावला. कठड्यावरून लेकीच्या हाका येत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन उचलला.

"…दिसला. लालबुंद आहे… डाग? हो, तोही दिसतो. डावीकडे.

"…नाही, आता उजवीकडे.

"…सूर्य जागच्या जागी आहे गं. मी डोळा फिरवला की डागही फिरतो… हो. समजलं मला. विज्ञान शिकवलंय मी.

"…नाही, रडत नाहीये. बोल्ट चांगला घट्ट बसलाय. दुर्बीण राहील तशीच. आणि डाग काय, फिरून येतोही कधीकधी…

"…ऐक ना. त्या दाढीवाल्याची वेळ घे. उजवा डोळा आधी."