साहेबांच्या बढतीला धुलाईखान्याचं उत्तर

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर पुष्पगुच्छ सांभाळत बसलेले आमचे शाखा सचिव, त्यांच्या सौभाग्यवती, पाहुणे मंडळी, आणि मागच्या बाकांवरच्या, इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या माझ्या बायांनो,

मला चार वाक्यं बोलायला सांगितलंय. चौथी शिकलेली बाई, चारच बोलेल, असा अंदाज असावा. चुकला.

सचिवसाहेब आज पक्षाच्या वरच्या समितीवर निघालेत. पण नियम असा, की भाषणं संपली की शाखेनं हात वर करायचे. निम्म्याहून जास्त आले तरच माणूस वर जातो. साहेब, हा नियम तुम्हीच शिकवलात.

काय काय शिकवलंत! रविवारी, चादरी वाळवायच्या खोलीत, आम्ही घड्या घालायचो आणि तुम्ही सांगायचात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कारखान्यातल्या माणसांनी ठिकठिकाणी असे पक्ष काढले. मग त्यांच्यात भांडण लागलं. एक म्हणाले, सगळं पेटवून नवं उभारू. दुसरे म्हणाले, पेटवायचं कशाला? मतं मिळवू, कायदे करू. मालकाचा कारखाना राहू दे, पण आठ तासांचं काम, दवाखाना, शाळा, म्हातारपणीचा आधार घेतल्याशिवाय सोडायचं नाही. ते दुसरे म्हणजे सामाजिक लोकशाहीवाले. म्हणजे आपण. माझी थोरली बहीण म्हणाली, "मग ही इस्त्रीच की! जाळायचं नाही, पण सुरकुती सोडायची नाही." किती हसलात तुम्ही! नंतर तेच वाक्य निवडणुकीच्या पत्रकावर छापलंत, स्वतःच्या नावानं.

नगरपालिकेवर निवडून आलात आणि तिच्या इस्पितळाचा धुलाईखाना ठेकेदाराला द्यायच्या बाजूनं मत दिलंत. विचारलं तर म्हणे, "ताई, काळाबरोबर चालावं लागतं. जगभरचे आपले पक्ष तेच करताहेत." करत असतील! म्हणूनच कामगार त्यांच्याकडे पाठ फिरवतात ना? ठेकेदारानं चादरींना इस्त्री करायच्या गरम रोलरवर दोन बायांऐवजी एकच ठेवली. ती माझी बहीण. वाफेनं खांद्यापासून कोपरापर्यंत सोलून निघाली. मी तीन दिवस तुमच्या कचेरीच्या जिन्यावर बसले. "साहेब बैठकीत आहेत." कसली बैठक? कामगारांच्या सुरक्षिततेची!

कोण ते, "बसा आता" म्हणतंय? किराणावाले दादा, तुम्ही बसलेलेच आहात, तसेच राहा.

लोकांना वाटलं, ही आता पक्ष सोडणार. का सोडू? दोन वर्षं दारोदार फिरले आणि धुलाईखान्यातली एकेक बाई सभासद करून घेतली. साहेब, त्या अर्जांवर तुम्हीच सह्या केल्यात. शाखा वाढतेय म्हणून मला शाबासकीही दिलीत. आज या सभागृहात साठ सभासद आहेत. त्यातल्या छत्तीस आमच्या.

बघा, काही पेटवलं नाही. नियमानं मतं मिळवली. तुमची एवढी चांगली शिष्या दुसरी सापडायची नाही.

इतका वेळ ऐकून घेतलंत, उपकार झाले. जीभ कुठं घसरली असेल तर ते माझ्या अर्धवट शाळेवर घाला, बायांना बोल लावू नका.

अध्यक्ष, घ्या मतदान. बायांनो, हात मांडीवर.