राजधानी कुठे करायची?

अरे, आमच्या सईनं सहावीत काय कमाल केली, ऐका. नागपूरहून अमेरिकेत क्युपर्टिनोला आल्यापासून पोरगी वर्गात तोंडच उघडत नव्हती. एक दिवस टीचरचा फोन आला. मी घाबरलोच, पण बाई खुशीत होत्या.

त्यांनी वर्गात खेळ मांडला होता: दोन देश एक झाले, आता राजधानी कुठे करायची? दोन्ही गटांतली मुलं आपापल्या शहरावरून हमरीतुमरीवर आली. तेवढ्यात सई उभी राहिली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, "राजधानी त्यांची असू दे. पण दर हिवाळ्यात असेंब्ली आपल्या शहरात भरवा. आमच्या नागपूरला असंच आहे."

सगळ्यांनी हात वर केले. टीचरनं विचारलं, "मग तुमच्याकडे भांडणं मिटली?"

"नाही," सई म्हणाली, "पण हिवाळ्यात सगळे आमच्याकडे येऊन भांडतात."